चालत्या गाडीतला डाव

माझ्या नवऱ्याने माझ्याशी बोललेलं पहिलं धड वाक्य म्हणजे, "पिवळ्या गोट्या मले." लग्नाला तेव्हा आठवडा होऊन गेला होता. त्याआधी हे बोललेच नव्हते असं नाही. "पाणी", "टॉवेल", "माय बलावते" इतकं बोलून झालं होतं. पण त्याला मी वाक्य म्हणत नाही.

१९९९ सालचा उन्हाळा होता. माझं माहेर तिरोड्याला, सासर बिरसीच्या अलीकडच्या एका गावात, आणि लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जायला आम्ही दोघं गोंदियाहून पॅसेंजरमध्ये बसलो होतो. समोरासमोर खिडक्या मिळाल्या होत्या. हे बाहेर बघत होते. बाहेर धान कापून गेलेल्या, भेगाळलेल्या बांध्या, म्हणजे आमच्याकडची भातखाचरं. बघण्यासारखं काडीचंही नव्हतं, तरी हे असे बघत होते की पुढे कोणी त्यावर प्रश्न विचारणार आहे. गंगाझरीपर्यंत मी वाट पाहिली. मग मला राग आला. मला राग लवकर येतो. माहेरच्यांना ते ठाऊक होतं, सासरच्यांना कळायचं बाकी होतं. मी पिशवीतून ल्यूडो काढला.

हा ल्यूडो माझ्या भावाने नागपूरहून आणला होता. घडीचा, चुंबकाचा. पुस्तकासारखा मिटायचा आणि मिटला तरी आतल्या सोंगट्या जागच्या हलायच्या नाहीत. नव्या नवरीने सासरी जाताना ल्यूडो नेऊ नये असं आईचं मत होतं, म्हणून मी तो साड्यांच्या घडीत लपवून नेला होता. आता तो मी आमच्या दोघांच्या मधे ठेवलेल्या पेटीवर उघडला आणि विचारलं, "खेळता का?" ह्यांनी आधी डब्यात चहूकडे नजर टाकली, गावचं कोणी नाही ना याची खात्री करून घेतली, आणि मग ते पिवळ्या गोट्यांचं वाक्य बोलले.

तिरोडा आलं तोवर माझी एक सोंगटी घरी पोचली होती, ह्यांची एकही नाही. पण मला एवढं कळलं होतं की ह्यांना बारावीत इंग्रजीने दोनदा पाडलं, विहिरीत उतरायची ह्यांना भीती वाटते, आणि वांग्याची भाजी ह्यांना मुळीच आवडत नाही. ती भाजी सासूबाई आठवडाभर मोठ्या कौतुकाने ह्यांच्या ताटात वाढत होत्या आणि हे मुकाट्याने खात होते. "मग सांगत का नाही?" मी विचारलं. हे म्हणाले, "मायले कोण सांगणार?" आणि एक पडला म्हणून एक घर पुढे सरकले.

आमचं घर म्हणजे खटल्याचं. सासूबाई, दीर, शेतावरचे गडी, येणारेजाणारे पाहुणे. नवराबायकोने दिवसाउजेडी शेजारी बसून गप्पा मारू नयेत असं कोणी कधी बजावलं नव्हतं. बजावणार कसं, तसलं काही कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. हे ओसरीवर, मी चुलीपाशी, मधे सासूबाई. ह्यांना माझ्याकडून काही हवं असलं की हे मायला सांगायचे आणि सासूबाई मला सांगायच्या, मी तिथेच डोक्यावर पदर घेऊन उभी असले तरी. आणि रात्री म्हणाल तर ह्यांचं डोकं उशीला टेकायच्या आत घोरणं सुरू. दिवसभर धानाच्या बांधीत राबलेला माणूस, त्याला काय बोल लावणार? मी लावायचीच, पण मनातल्या मनात.

मग उरला प्रवास. आमच्या पोवारांच्या नात्यागोत्याचा पसारा मोठा. माझं माहेर तिरोड्याला, नणंद देवरीला, ह्यांचे मामेमावसे सगळे बालाघाटकडे. वर्षातून पाचसहा वेळा तरी लग्न, बारसं, तेरवी असं काहीतरी निघायचंच. सासूबाईंचे गुडघे दुखायचे, त्यांना बसचे धक्के सोसायचे नाहीत, म्हणून घराच्या वतीने आम्ही दोघं. मी तेरवीलासुद्धा जायला इतकी खुशीत का असते, हे सासूबाईंना कधी कळलं नाही.

खेळाचे नियम आपोआप पडत गेले. खेळायचं ते फक्त चालत्या गाडीत. गाडी थांबली की फासा थांबला, कारण स्टेशनावर चहावाले, चनेवाले चढायचे आणि त्या धक्काबुक्कीत कोणाची सोंगटी कुठे सरकली यावरून भांडण व्हायचं. घरी ल्यूडो उघडायचा नाही. डाव अर्धा राहिला तर पट तसाच मिटायचा आणि पुढच्या प्रवासात तिथूनच पुढे. गोंदिया ते तिरोडा एवढ्या वेळात आमचा डाव संपणं शक्यच नव्हतं, कारण ह्यांना एकेक सोंगटी उचलायला एकेक स्टेशन लागे. दिवाळीत मांडलेला डाव होळीला संपायचा. मधल्या काळात पट माझ्या कपाटात साड्यांखाली, आणि इकडे भाजी ढवळताना मला आठवायचं की माझी हिरवी ह्यांच्या माऱ्यात उभी आहे. मग मी पुढची चाल ठरवायची आणि भाजी करपायची. सासूबाई म्हणायच्या, "ध्यान कुठं राहते वो तुयं?" आता त्यांना काय सांगू.

फाशाला तेवढं चुंबक नव्हतं. तो पहिल्याच वर्षी बाकाखाली जाऊन एका म्हाताऱ्या बाबाच्या पंच्याच्या गाठोड्यात शिरला होता. तेव्हापासून आम्ही बडीशेपेच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डबीत फासा घालून ठेवला. डबी खुळखुळवायची आणि पारदर्शक झाकणातून बघायचं. हे डबी इतका वेळ खुळखुळवायचे की शेजारचं तान्हं पोर रडायचं थांबायचं.

एक गोष्ट मला फार लवकर कळली. ह्यांचे डोळे पटावर गुंतले की ह्यांचं तोंड मोकळं होतं. समोर बघून ह्यांना बोलता येत नाही. सोंगटीकडे बघत हे काहीही बोलू शकतात. वडील गेले तेव्हा ह्यांना रडू कसं आलं नाही आणि मग महिन्याभराने खत टाकताना कसं आलं, हे मला ह्यांनी कचेवानीच्या आसपास सांगितलं, आणि सांगता सांगता माझी सोंगटी मारली. मुलीला गोंदियाच्या शाळेत घालायचं हे आमचं देवरीच्या बसमध्ये ठरलं. घरी येऊन हे सासूबाईंना म्हणाले, "मी विचार केला." मी आत कणीक मळत होते, पोट धरून हसले.

डब्यातले लोक काय गप्प बसणार! गोंदियाची माणसं, "भाभीजी, पीली वाली को काटो!" असा सल्ला विचारल्याशिवाय द्यायची. देवरीच्या बसमध्ये एकदा कंडक्टरने तिकीट फाडता फाडता ह्यांना चाल सुचवली. मी त्याला म्हटलं, "तुमी तुमची घंटी वाजवा." त्यानंतर तो रस्ताभर माझ्याशी अदबीने वागला. बालाघाटला तेव्हा अरुंद रुळांची छोटी लाइन होती. त्या छोट्या डब्यात समोरासमोर बसलं की गुडघ्याला गुडघे लागायचे. पट चार गुडघ्यांवर ठेवला की टेबल तयार. चारचौघांत नवऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायला मिळायचं, त्यावर कोणाची हरकत नाही, उलट जागाच नाही म्हणून लोक हळहळायचे. पुढे तिथे मोठी लाइन झाली. सगळ्यांना आनंद झाला, मला विशेष झाला नाही.

एकदा तर आम्ही तिरोडाच चुकवलं. माझा भाऊ स्टेशनावर घ्यायला उभा होता. गाडी आली, थांबली, त्याने आम्हाला खिडकीत पाहिलं, हाका मारल्या, आणि गाडी आम्हाला घेऊन पुढे निघून गेली. झालं असं होतं की गाडी थांबता थांबता मी डबी हलवली आणि सहा पडला. ह्यांचं म्हणणं, गाडी आधी थांबली, फासा नंतर पडला, म्हणून सहा बाद. माझं म्हणणं, फासा आधी पडला, गाडीने मग शेवटचा धक्का दिला. या भांडणात तिरोडा आलं आणि गेलं. आम्ही तुमसर रोडला उतरलो आणि तिथल्या बाकावर बसून उलट गाडीची वाट बघत तेच भांडण पुढे चालवलं. माहेरची मंडळी यावरून अजून चिडवतात. सहा माझाच होता, हे मी आजही शपथेवर सांगते.

मुलगी झाली तेव्हा पटाला तिसरा भिडू मिळाला, तो सोंगट्या खाणारा. एका लाल सोंगटीवर तिच्या पहिल्या दाताची खूण आहे. पण पोरगी गुणाची. बस सुरू झाली की माझ्या मांडीवर झोपायची आणि आम्ही तिच्या पाठीवर पट ठेवून खेळायचो. मोठी झाली तशी ती आजीजवळ राहू लागली, आणि आम्ही पुन्हा दोघंच.

हे सगळं असं छान चाललेलं असताना २०११ साली आमच्या दारात गाडी आली. सेकंडहँड होती, पण पांढरीशुभ्र. त्या वर्षी धान झकास झालं होतं आणि ह्यांनी बरेच दिवस मनात धरलेली हौस पुरी केली. गाडी चालवायला हे आठ दिवसांत शिकले. तोवर बिरसीला विमान शिकणाऱ्या पोरांची विमानं आमच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागली होती. त्यांच्याकडे मान वर करून हे म्हणायचे, "त्यायले वर्षभर लागते. मले आठ दिवस." हे गाडीच्या इतके प्रेमात पडले की मला आपल्या लग्नाचे पहिले दिवस आठवावेसे वाटले, पण आठवण्यासारखं काही सापडलं नाही. सकाळी मोटरपंपाच्या पाण्याने गाडीला आंघोळ, संध्याकाळी फडक्याने पुसणं. एकदा आभाळ भरून आलं तर खळ्यातली ताडपत्री ओढून ह्यांनी गाडीवर टाकली आणि धान उघडं. सासूबाईंनी त्या दिवशी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो मी दाराआड उभी राहून मनसोक्त ऐकला.

पण खरी गंमत पुढे होती. गाडी आल्यावर सासूबाई हिंडू लागल्या. "इतके दिस बसच्या धक्क्यापायी घरी बसली मी," त्या म्हणाल्या, "आता मी येईनच." बारसं असो, तेरवी असो, सासूबाई सगळ्यांच्या आधी तयार. आणि त्यांच्या बरोबर नात, तांदळाचं पोतं, भोपळे, लोणच्याची बरणी.

पहिल्या खेपेला त्यांनी पाय लांब करायला मागचा बाक घेतला आणि मला पुढे, ह्यांच्या शेजारी बसवलं. मला वाटलं, चला, जमलं. मी मांडीवर पट उघडला. दोघांचा फासा मी टाकणार, दोघांच्या सोंगट्या मी हलवणार, हे फक्त सांगणार. दोनचार चाली बऱ्या गेल्या. मग ह्यांना तीन पडले आणि मी म्हटलं दोन. मी चुकून म्हटलं असेल किंवा नसेल. ह्यांनी रस्त्यावरची नजर काढून डबीकडे वळवली, "दाखव!" म्हणाले, आणि तेवढ्यात समोर शेरड्यांचा कळप आला. शेरड्या वाचल्या. आमचं पुढचं चाक मात्र बांधावरून खाली जाऊन बांधीत रुतलं. सासूबाई मागून ओरडल्या, "पोराले गाडी चालवू दे वो! मारशीन का सगळ्याईले?" गाडी चार माणसांनी ढकलून वर काढली आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, निकाल लागला. गाडीत खेळणं बंद. पुढची जागा सासूबाईंची. मी मागे, भोपळ्यांजवळ.

इतकी वर्षं ज्याचं तोंड बघत प्रवास केला, त्याची मी आता मान बघत बसू लागले. मान काही वाईट नव्हती. पण मान बोलत नाही. देवरीला जाऊन आलो, हे बोलले नाहीत. तिरोड्याला जाऊन आलो, हे बोलले नाहीत. बोलले ते आरशाशी, गिअरशी आणि पुढच्या ट्रॅक्टरवाल्याशी. घरी तर तसेही बोलत नव्हतेच. हळूहळू माझ्या लक्षात आलं की मला माझ्या नवऱ्याच्या मनातलं काही म्हणजे काहीच माहीत नाही. कंबर दुखते का, धानाला तुडतुडा लागला त्याची चिंता करतात का, पोरीला पुढे काय शिकवायचं. गाडी आली आणि माझा नवरा गेला, असं मला वाटू लागलं. हे मी चेष्टेने म्हणत नाही. मी त्या गाडीचा मनापासून द्वेष करत होते.

मग मी डोकं लढवलं. देवरीला नणंदेकडे निघालो होतो. आमगाव मागे पडलं आणि मी तोंडाला पदर लावला. "अजी, थांबवा गाडी. मले मळमळून रायलं." हे घाबरून थांबले. मी खाली उतरून झाडाला धरून उभी राहिले आणि ठरवून ठेवलेलं पुढचं वाक्य म्हटलं, "बसमधी मले असं कधी होत नाही." माझा हिशोब सरळ होता. बाईला गाडी लागते, बस लागत नाही, मग तिला बसने न्यावं लागेल, आणि सोबत नवरा लागेल. पण सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "मोटारीत होते, तं बसमधी जीवच जाईन हिचा!" झालं. माझ्या डावावर पाणी पडलं.

मला जास्त राग आला तो नवऱ्याचा. बसच्या वळणावळणाच्या, खड्ड्याखड्ड्यांच्या रस्त्याने मान खाली घालून, फाशाच्या टिंबांवर डोळे रोखून मी इतकी वर्षं प्रवास केला. पोटातलं पाणी हललं नाही. याला साक्षीदार जगात एकच माणूस, जो समोर बसलेला असायचा. आणि तो माणूस मला म्हणतो काय, "निंबू देऊ का?"

सोंग एकदा घेतलं की सोडता येत नाही. सासूबाई माझ्या उपचाराला लागल्या, तेही प्रेमाने. निघायच्या आधी वाळवलेला, मीठ लावलेला आवळा. पोटावर साडीच्या आतून वर्तमानपत्राची घडी. बेंबीत हिंग. दिराने मेडिकलमधून गोळ्या आणल्या, त्या घेतल्या की मी भोपळ्यावर डोकं ठेवून झोपायची आणि मुक्कामाला उठायची. गावभर बातमी झाली. विहिरीवर बाया विचारायच्या, "आता कसं हाय वो?" एकीने तर पोटाकडे बघत डोळे मिचकावले. पोरगी दहा वर्षांची झाली होती माझी! मी तिला असं उत्तर दिलं की ती पुन्हा कोणाकडे बघून डोळे मिचकावणार नाही.

खरं काय ते मी बोलले नाही. ह्यांनी आपणहून ओळखावं, असा माझा हट्ट होता. आणि हट्टाला पेटले की मी आवळे काय, काहीही खाऊ शकते.

मग बालाघाटला ह्यांच्या मामेभावाचं लग्न निघालं. जेवताना सासूबाई म्हणाल्या, "हिले कायले त्रास? राहू दे घरी." मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी ताटाकडे पाहिलं. ताटात वांग्याची भाजी होती. हे म्हणाले, "हो, राहू दे." मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "बरं." लग्नाच्या दिवशी गाडी फाटकातून बाहेर पडली, धूळ खाली बसली, आणि मी ओसरीवर बसून मोठमोठ्याने गाडीला, सासूला आणि नवऱ्याला शिव्या दिल्या. कोंबड्यांशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. मग मी रडले. आधी ती बालाघाटची वाट आमची होती.

दुसऱ्या दिवशी मंडळी परतली. हे गाडी धुवायला गेले. सासूबाई पाय दाबून घेत मला लग्नाचं सांगू लागल्या, नवरी कशी होती, वरणात मीठ कसं जास्त होतं. मग म्हणाल्या, "तुया नवऱ्याले काय झालं होतं, कोण जाणे. रस्त्यात रेल्वे फाटक लागलं. गाडी थांबवली अन् हा खाली उतरला. रेल्वे आली, गेली. फाटक उघडलं. मागचे भोंपू वाजवून रायले, अन् हा उभाच! मी म्हटलं, का झालं रे? तं म्हणते, काही नाही." माझे हात त्यांच्या पायावर थांबले. "दाब ना वो," सासूबाई म्हणाल्या. मी दाबू लागले. पुढचं लग्नाचं त्यांनी बरंच सांगितलं असेल, मला काही ऐकू आलं नाही.

पण त्यावर हे माझ्याशी बोलले का? नाही. मी विचारलं का? नाही. असे आम्ही दोघं.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, तिरोड्याला. इथे मला घरी ठेवणं शक्य नव्हतं, सख्खी भाची. सासूबाईंनी बेत आखला. थोड्याच वेळाची तर गाडी, तेवढं ही रेल्वेत सोसेल. दिराने मला मोटारसायकलवर गोंदिया स्टेशनला सोडायचं, मी एकटीने रेल्वेने जायचं, आणि बाकी सगळे ह्यांच्याबरोबर गाडीने. म्हणजे अखेर मला माझी रेल्वे मिळाली, पण रिकामी. निघायच्या सकाळी मी पेटीत साड्या भरल्या. कपाटाच्या तळाशी ल्यूडो होता, गाडी आली त्याच्या आधी मांडलेला अर्धा डाव आत तसाच. मी तो घेतला, पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला आणि साड्यांच्या मधे खुपसला. कशाला घेतला ते मलाही सांगता आलं नसतं.

अंगणात सगळे जमले होते. गाडी पुसून लखलखीत. सासूबाई पुढच्या जागेवर बसून पुन्हा उतरल्या होत्या, कारण आवळ्याची पिशवी घरात राहिली होती. पोरगी मागे खिडकीशी. दिराने मोटारसायकल सुरू केली. शेजारचे बाबा कुंपणापलीकडून दात घासत बघत होते. तेवढ्यात हे नवा शर्ट घालून बाहेर आले, गाडीपाशी गेले नाहीत, दिरापाशी गेले आणि गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"तू चालव," हे म्हणाले.

"काऊन? अन् तू?"

"मी रेल्वेनं जातो. मले गाडी लागते."

दिराने मोटारसायकल बंद केली. "का म्हणतेस भाऊ? तूच तं चालवतेस!"

"चालवतानी जास्त लागते," हे म्हणाले.

शेजारच्या बाबांना ठसका लागला. दीर हसायला लागला, पोरगी हसायला लागली, ह्यांचे कान लाल झाले, पण हे हलले नाहीत. जो माणूस या अंगणात माझ्याकडे पाणीसुद्धा मायच्या मार्फत मागायचा, ज्याने त्या गाडीपायी धान भिजू दिलं असतं, तो माणूस सगळ्या गावादेखत उभा राहून सांगत होता की त्याला त्याचीच गाडी लागते. मी पदराच्या आत तोंड घातलं. मला हसू येत होतं की काय येत होतं, माझं मलाच कळत नव्हतं.

सासूबाईंनी ह्यांच्याकडे नीट बघून घेतलं. मग माझ्याकडे. मग पिशवीत हात घालून एक चांगला मोठा आवळा काढला आणि ह्यांच्यापुढे धरला. "मंग हे खा."

ह्यांना वांगं नावडतं, पण आवळ्याचा तर तिटकारा आहे. ह्यांनी तो तोंडात टाकला, डोळे मिटले आणि सगळ्यांसमोर चावून चावून खाल्ला. सासूबाई तो संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग गाडीकडे वळत म्हणाल्या, "जा दोघं. अन् वेळेवर उतरा."

गोंदियाला पॅसेंजर लागलेली होती. समोरासमोर खिडक्या मिळाल्या. गाडी सुटेपर्यंत आम्ही अनोळखी माणसांसारखे बसलो. मग मी पेटी मधे ओढली, पट उघडला आणि तो जुना डाव दिसला तसा इतक्या दिवसांचा राग उसळला.

"कवापासून मालूम होतं तुमाले?"

"आमगावपासून," हे म्हणाले. "पयल्याच दिवशी."

"पयल्याच दिवशी!" डब्यातले लोक वळून बघू लागले, बघू देत. "मी आवळे खाल्ले, गोळ्या खाल्ल्या, पोटाले पेपर बांधून फिरली, बालाघाटचं लग्न बुडालं माझं! अन् तुमाले मालूम होतं? एक शब्द बोलता नाही आला?"

ह्यांनी डबी हातात घेतली, पण खुळखुळवली नाही. पटाकडे बघत हळूच म्हणाले, "कुठं बोलू? घरी?"

मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखीच राग आला. ह्यांनी खिशातला रुमाल काढून पटावर ठेवला आणि कंबर दुखते तिथपासून सांगायला सुरुवात केली. गंगाझरी गेलं, कचेवानी आलं, फाशाला कोणी हात लावला नव्हता आणि ह्यांचं अजून अर्धंही सांगून झालं नव्हतं. माझं माहेर इतकं जवळ का आहे, याचा मला त्या दिवशी मनापासून संताप आला.